जुनी चर्च-रजिस्टरं वाचणारं ॲप : सात महिने वापरल्यावर

ऑगस्टमध्ये वर्षाची वर्गणी भरली तेव्हा वाटलं होतं, दिवाळीच्या आत वंशावळ भिंतीवर. आता मार्च उजाडलाय आणि मी पणजोबांच्या वडिलांपाशी अडलोय. ॲपचं नाव सांगत नाही, भांडण त्यांच्याशी नाही.

आमचं घर मूळ कामठीचं. पूर्वज मद्रास पलटणीसोबत छावणीत आले आणि इथलेच झाले. घरातली तमिळ आजीबरोबर गेली, आता आम्ही मराठीच बोलतो. रजिस्टरं मात्र लॅटिनमध्ये. लिहिणारे पाद्री आताच्या फ्रान्समधल्या सव्हॉयकडचे, 1845 साली ॲनेसीहून निघालेल्या फ्रान्सिस दी सेल्स मिशनच्या परंपरेतले. 1887 साली नागपूरचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्याआधी हा भाग विशाखापट्टणमकडे होता.

आधी ॲपचं कौतुक. माजूफळाची ती जुनी शाई तपकिरी पडून कागद खाते. जिथे मला नुसते डाग दिसत होते, तिथे यानं ओळी काढल्या. फ्लॅश न वापरता खिडकीशी तिरप्या उजेडात फोटो काढा, निम्म्या चुका तिथेच जातात. अक्षरं वाचण्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही.

तक्रार नावांची आहे. पहिल्याच महिन्यात त्यानं सूची करून दिली: स्तेफानुस, स्तेफानुम, स्तेफानी. तीन माणसं! त्यातल्या स्तेफानीला तर बाई ठरवलं. मी तिला पणजोबांची बहीण समजून दोन आठवडे शोधत होतो. मग एका रात्री वीज गेली, फोनच्या उजेडात तीच ओळ पुन्हा वाचली: 'बाप्तिझावी स्तेफानुम, फिलियुम लेगितिमुम पावली एत मारिए'. आणि दहावीचं शंभर मार्कांचं संस्कृत आठवलं. रामः, रामम्, रामस्य! बाप्तिस्मा कोणाला दिला? स्तेफानुसला, म्हणून द्वितीया, स्तेफानुम. मुलगा कोणाचा? पावलुसचा आणि मारियाचा, म्हणून षष्ठी, पावली आणि मारिए. पुढे त्याच स्तेफानुसला मूल झालं, तेव्हा बाप म्हणून तो स्तेफानी झाला. एकाच माणसाच्या तीन विभक्त्या. ॲपनं पणजोबांच्या वडिलांचं नाव 'पॉली' लावलं होतं, ते याच षष्ठीमुळे. शब्दरूपावली घोकताना मास्तरांना ज्या शिव्या दिल्या, त्या परत घेतो.

तारखांचाही असाच घोळ. '14 7ब्रिस 1888' असं लिहिलेलं, ॲपनं 14 जुलै करून टाकलं. तो सप्टेंबर आहे, 7ब्रिस म्हणजे सेप्तेम्ब्रिस. रोमनांचं वर्ष आधी मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून सप्टेंबर सातवा (सेप्तेम म्हणजे सात), तसा ऑक्टोबर आठवा. आपले सप्तम, अष्टम, नवम, दशम ओळीनं लावून बघा, डिसेंबरपर्यंत जमतं. 8ब्रिस आणि 9ब्रिसही असेच. एक्सब्रिस दिसलं की डिसेंबर, कारण एक्स म्हणजे रोमन दहा. 'योएस'वर आडवी रेघ असेल तर तो कोणी जो नाही, तो योआन्नेस, मधली अक्षरं गाळून लिहिलेला.

एवढं करूनही पणजोबा सापडत नव्हते, कारण घरात त्यांचं नाव मुडियप्पन. स्तेफानुस हेच ते, हे मला कोण सांगणार? सांगितलं कामठीच्या आत्यानं. मी फोनवर यादी वाचत होतो, ती मध्येच म्हणाली, "काहून रे, मुडी म्हणजे मुकुट ना? स्तेफानच्या सणाला आमचे आप्पा त्यांचं नाव घ्यायचे." ग्रीकमध्ये स्तेफानोस म्हणजेच मुकुट! मग तिनं भराभर सांगितलं: पावलुस म्हणजे चिन्नप्पन (लॅटिनमध्ये पावलुस म्हणजे लहान, तमिळमध्ये चिन्न म्हणजे लहान), पेत्रुस म्हणजे रायप्पन, योआन्नेस म्हणजे अरुळप्पन, आलोयसियुस म्हणजे ज्ञानप्रकाशम. पाद्र्यानं लॅटिन नाव लिहिलं, घरानं तमिळ वापरलं, आणि दोन्ही एकाच माणसाची. ॲपच्या नावांच्या कोशात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन रूपं आहेत, यातलं एकही नाही. मी कळवलं, तर 'धन्यवाद, आपली सूचना नोंदवली' असं आलं. त्यालाही चार महिने झाले.

घ्यावं का? शंभर-दीडशे पानं उलगडायची असतील तर घ्या, पण वर्षाची वर्गणी नको, महिन्याची घ्या. सूची कधीही आपोआप होऊ देऊ नका. प्रत्येक नावाशेजारी एका साध्या वहीत तीन रकाने ठेवा: रजिस्टरात जसं आहे तसं, प्रथमेतलं रूप, आणि घरात काय म्हणत. तिसरा रकाना भरायला घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस लागतं, आणि ते दुपारी दोनच्या आत फोन उचलत असेल तर उत्तम.

माझं काम पावलुस ऊर्फ चिन्नप्पनपाशी थांबलंय. रजिस्टराच्या त्या पानांत पाच पावलुस आहेत, त्यातल्या चौघांच्या बायका मारिया. रविवारी फोटो घेऊन आत्याकडे जातोय, तिनं दुपारच्या जेवणाला बोलावलंय.