इटालियन क्रियापदांचं अ‍ॅप: अकरा महिने रोज वापरल्यानंतर

मार्चअखेर अपडेट आलं आणि माझी १४३ क्रियापदांची यादी पुसली गेली. अ‍ॅपवाल्यांना लिहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, अ‍ॅप काढून टाका आणि पुन्हा घ्या. तसं केलं, तर उरलीसुरली प्रगतीही गेली, कारण ती फोनवरच साठवलेली होती. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. त्यानंतर सात मेल झाले. एक महिना फुकट वाढवून देतो म्हणतात. मला महिना नको, माझी यादी हवी आहे, आणि ती देता येत नसेल तर पैसे. वर्षाचे चाळीस युरो भरलेत मी. इथे इटलीत, तोरिनोत (ट्युरिनमध्ये), बारच्या काउंटरवर उभं राहून प्यायलेल्या तीसेक कॉफ्या होतात तेवढ्यात, आणि त्या मी खरोखर प्यायलेल्या नाहीत.

बोलणी अजून संपलेली नाहीत, म्हणून अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. तसंही ही सगळी अ‍ॅप एकाच साच्यातली असतात: क्रियापद टाका, तक्ता येतो, सराव करा, हिरवं-लाल बघा. त्यामुळे तुम्ही दुसरं कुठलं वापरत असाल तरी पुढचं बरंच लागू पडेल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पदवी महाराष्ट्रातली. इटलीत ती मान्य होण्यासाठी मला उमेदवारी करावी लागतेय, ती सध्या एका पुनर्वसन केंद्रात चालू आहे. दिवसभर माझ्या तोंडात काय असतं? उठा, बसा, गुडघा वाकवा, श्वास घ्या, ढकला, सोडा. म्हणजे आज्ञार्थ. भूतकाळ, भविष्यकाळ जेवायच्या सुट्टीत लागतात. आज्ञार्थावर माझं काम चालतं, आणि नेमका तोच भाग या अ‍ॅपने सगळ्यात वाईट केलाय.

तक्त्यात आज्ञार्थाच्या पाच ओळी आहेत. दुसऱ्या ओळीपुढे ‘लुई’ लिहिलंय, म्हणजे ‘तो’. त्याला कशी आज्ञा करणार, म्हणून मी ती ओळ सोडून द्यायचे. सरावातही ती ओळ मुळातच बंद असते, सेटिंगमध्ये तीन पायऱ्या आत जाऊन चालू करावी लागते. चार महिने मला पत्ता नव्हता की तीच आदराची ओळ आहे. इटालियनमध्ये परक्या किंवा वडीलधाऱ्या माणसाला ‘लेई’ म्हणतात. लेई म्हणजे खरं तर ‘ती’, पण समोर पुरुष असला तरी लेईच, आणि क्रियापद तृतीयपुरुषी. माझे निम्म्याहून जास्त पेशंट सत्तरीच्या पुढचे. म्हणजे मला ज्या एका ओळीची रोज गरज होती, तीच अ‍ॅपने झाकून ठेवली होती.

सप्टेंबरातली गोष्ट. खांद्याचं ऑपरेशन झालेल्या एक निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढे. मी म्हणाले, ‘आल्त्सा इल ब्राच्चो, सिन्योरा.’ हात वर करा, असं मला म्हणायचं होतं. त्यांनी हात वर केला, खाली घेतला, आणि शांतपणे म्हणाल्या, ‘आल्त्सी.’ मला वाटलं, उच्चार चुकला. मी पुन्हा ‘आल्त्सा’ म्हणाले, जरा मोठ्याने. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मि दिआ देल लेई.’ मला लेई म्हणा. मी त्या बाईंना ‘हात वर कर गं’ म्हणत होते, तेही दोनदा. घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

मराठी माणसाचा इथे घात का होतो, ते नीट सांगते, कारण कुठल्याच अ‍ॅपला हे माहीत असायचं कारण नाही. आपल्या कानाला ‘आ’ म्हणजे आदर. बस, बसा. उठ, उठा. ढकल, ढकला. तो ‘आ’ लागला की समोरचा मोठा झाला. इटालियनमध्ये ‘एरे’ आणि ‘इरे’वाल्या, म्हणजे मूळ रूप त्या अक्षरांनी संपणाऱ्या, क्रियापदांत हे जुळतं: तू असेल तर स्तेंदी, आदराने स्तेंदा, म्हणजे पाय लांब करा. पण ‘आरे’वाली क्रियापदं बरोबर उलटी चालतात. आल्त्सारेचं तू-रूप आल्त्सा आणि आदराचं आल्त्सी. रेस्पीरा म्हणजे श्वास घे, रेस्पीरी म्हणजे श्वास घ्या. ‘आरे’ची क्रियापदं भाषेत सगळ्यात जास्त, त्यामुळे मी जितका आदर दाखवायला जात होते तितकी एकेरीवर येत होते.

त्यात आवाजही बदलतात. स्पिंजेरे म्हणजे ढकलणं: तू असेल तर स्पिंजी, आदराने स्पिंगा. पिएगारे म्हणजे वाकवणं: पिएगा आणि पिएगी, पण पिएगी लिहिताना ‘ग’च्या अक्षरानंतर एक एच घालावा लागतो, नाहीतर त्या ‘ग’चा ‘ज’ होतो. बसायला सांगताना सर्वनामही जागा सोडतं. तू असेल तर ते शेवटी चिकटतं, सिएदिती. आदर असेल तर पुढे येऊन उभं राहतं, सि सिएदा. नकार वेगळाच: तू असेल तर ‘नोन’ आणि पुढे मूळ धातू, नोन पिएगारे, आदर असेल तर नोन पिएगी. ही एवढी माहिती अ‍ॅपमध्ये आहे, पण चार वेगवेगळ्या पडद्यांवर. एकत्र कुठेच नाही.

गाठ सुटली ती मराठीमुळेच. शाळेत आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. इटालियनचं आदराचं रूप म्हणजे खरं तर उसनं घेतलेलं कोंजुंतीवो, इच्छा किंवा शंका दाखवणारं रूप, आणि त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक आपला विध्यर्थ. माझी आजी पाहुण्यांना ‘बसा’ म्हणायची नाही, ‘बसावं, चहा घ्यावा’ म्हणायची. सि सिएदा म्हणजे तेच, ‘बसावं’. ‘त्याने यावं असं मला वाटतं’ यातलं ‘यावं’ आणि ‘आत यावं’ यातलं ‘यावं’ एकच, तसं तिकडेही दोन्हीकडे वेंगाच. हे कळल्यावर मी तक्ता पाठ करणं सोडलं. पेशंटशी बोलताना मनात आधी आजीचं ‘वाकवावं’ म्हणते, की तोंडून पिएगी बरोबर येतं.

पण हे साम्य फार ताणू नका. ‘मला वाटतं, तो घरी आहे’ असं आपण सरळ स्वार्थात म्हणतो. इटालियनला ‘वाटतं’ आलं की कोंजुंतीवो लागतो, क्रेदो के सिआ आ काझा. आणि संकेतार्थात तर उलटी फजिती. ‘वेळ असता तर आले असते’, आपल्याकडे दोन्ही तुकड्यांत ‘असता-असते’. म्हणून मी दोन्हीकडे कोंदित्सियोनाले, म्हणजे ‘आले असते’वालं रूप, लावायचे, से आव्रेई. बरोबर आहे ते से आवेस्सी, म्हणजे ‘जर’च्या तुकड्यात कोंजुंतीवोचा इंपेर्फेत्तो (त्याचं एक भूतकाळी रूप), आणि दुसऱ्यात कोंदित्सियोनाले. ही चूक इटालियन मुलंही करतात आणि बोलणी खातात. अ‍ॅप इथे नुसतं लाल दाखवतं. का लाल, ते सांगत नाही.

आता माझं मत जिथे बदललं तो भाग. पहिल्या सहा महिन्यांत मी याच अ‍ॅपला एकच तारा दिला होता, कारण ते आठवडेच्या आठवडे पास्सातो रेमोतो, म्हणजे ‘दूरचा भूतकाळ’, घोटून घेत होतं. इथे उत्तरेत बोलताना तो काळ कोणी वापरत नाही. काल जेवलो, दहा वर्षांपूर्वी लग्न झालं, सगळं पास्सातो प्रोस्सिमोत, म्हणजे ‘जवळच्या भूतकाळात’. माझे पैसे मेलेल्या काळावर खर्च होतायत असं वाटायचं.

मग नोव्हेंबरात खुब्याचं हाड मोडलेले एक आजोबा आले. मूळचे सिसिलीचे, १९६०च्या दशकात फियातच्या (फियाट) मोटारींच्या कारखान्यात कामासाठी आलेले. तोरिनोत त्या वयाची अशी दक्षिणेकडची माणसं पुष्कळ आहेत. सकाळी काय खाल्लं विचारलं, तर म्हणाले ‘मांजाई’. पास्सातो रेमोतो, आज सकाळच्या नाश्त्यासाठी! सिसिलीत तो असाच रोजच्या बोलण्यात आहे. चालण्याचा सराव करताना ते आपली सगळी गोष्ट त्यातच सांगायचे: वेन्नी, त्रोवाई, प्रेसी, मि स्पोझाई. आले, काम मिळालं, घर घेतलं, लग्न केलं. मला एकेक शब्द कळत होता, आणि बोलत बोलत ते नेहमीपेक्षा दोन फेऱ्या जास्त चालले. तो तारा मी त्याच रात्री काढून टाकला.

एक युक्ती सांगते, जी अ‍ॅप सांगत नाही कारण ते सहाही रूपं एकाच रंगात दाखवतं. पास्सातो रेमोतोत बिघडलेलं क्रियापद बहुतेक वेळा तीनच जागी बिघडतं: मी, तो, ते. प्रेसी, प्रेसे, प्रेसेरो. मधली प्रेंदेस्ती, प्रेंदेम्मो, प्रेंदेस्ते सरळ असतात. म्हणजे एक ‘प्रेसी’ लक्षात ठेवलं की बाकीची दोन हातात येतात. वेन्नी, वेन्ने, वेन्नेरो तसंच.

आवाजाबद्दल मात्र पूर्ण गुण. ‘ते’च्या रूपात जोर मागे सरकतो: पार्लानो (ते बोलतात) म्हणताना ‘ला’वर नव्हे, ‘पार्’वर दाब. तेलेफोनानोत (ते फोन करतात) तर ‘ले’वर. मराठीत असा जोर अर्थाला लागत नाही, त्यामुळे ऐकल्याशिवाय हे येणं कठीण होतं.

आणि स्त्रीलिंगाची गोष्ट. दहा महिने हे अ‍ॅप माझं ‘सोनो आंदाता’ चूक ठरवत होतं, त्याला फक्त ‘आंदातो’ हवं होतं. मी गेले, गेलो नाही! हा फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. सकर्मकातही ओळखीची वाट दिसते: फोकाच्चा (इथली जाड रोटी) कुठे गेली विचारलं तर ‘लो मांजाता’, मी ती खाल्ली, आपल्या ‘मी भाकरी खाल्ली’सारखं खाल्लेल्या वस्तूचं लिंग घेऊन. फक्त ती वस्तू सर्वनाम होऊन आधी यायला हवी. मी तीनदा तक्रार केली. मार्चच्या त्याच अपडेटमध्ये अखेर स्त्रीलिंग बरोबर धरायला लागले, आणि त्याच अपडेटने माझी यादी खाल्ली.

तर घ्यावं का? एका क्रियापदाची नुसत्या स्वार्थ, कोंजुंतीवो आणि कोंदित्सियोनालेमध्ये मिळून ८४ रूपं होतात, ती कागदावर घोटणं अवघड आहे, आणि तिथे याचा उपयोग आहे. घेतलंत तर पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन आज्ञार्थाची ती ‘लुई’ची ओळ चालू करा. स्वतःची यादी आत ठेवू नका. वर्षाचं घेऊ नका, महिन्याचं घ्या.

मी आपोआप नूतनीकरण बंद केलंय. यादी पुन्हा लिहायला घेतली आहे, शंभर पानी वहीत, प्रत्येक पानावर दोनच रकाने: एकेरी आणि आदरार्थी. आज ६२ झाली. पहिल्या ओळीत आल्त्सा, आल्त्सी.