व्हीएमची एसीपीआय टेबलं: लिहायची कोणी?

स्वतःचा छोटा व्हीएमएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारा प्रोग्राम) लिहायला घेतलात की प्रोसेसर, मेमरी उभी राहते, आणि मग गेस्ट, म्हणजे व्हीएमच्या आत चालणाऱ्या, लिनक्सला कळायला हवं की या मशीनमध्ये आहे तरी काय काय. ते सांगतात एसीपीआय टेबलं, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या, मेमरीत ठेवलेल्या ठरावीक नमुन्याच्या याद्या. ती बनवायच्या तीन रीती आहेत.

जुनी रीत फर्मवेअरची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या बायॉससारख्या प्रोग्रामची. 2013 पर्यंत क्यूएमयू या व्हीएमएमसाठी हे काम सीबायॉस हे फर्मवेअर करायचं. झेन या हायपरवायझरच्या एचव्हीएम (प्रोसेसरच्या मदतीने चालणाऱ्या) गेस्टमध्ये त्याचा एचव्हीएमलोडर करतो. पीसीआय बसवरच्या डिव्हाइसांचे पत्ते फर्मवेअरनेच वाटलेले असतात, त्यामुळे ते दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाहीत, हा फायदा खरा. पण नवं डिव्हाइस जोडलं की दोन प्रोजेक्टांत पॅच. ओव्हीएमएफ हे यूईएफआय (बायॉसची नवी पिढी) फर्मवेअर वापरायचं तर तीच उस्तवार तिसऱ्यांदा.

म्हणून 1.7 पासून क्यूएमयू टेबलं स्वतः बनवतो आणि फर्मवेअरच्या हाती देतो. सोबत एक चिठ्ठी: इतकी जागा घे, अमुक ठिकाणच्या पॉइंटरमध्ये तमुक टेबलाचा पत्ता मिळव, मग चेकसम (बाइटांच्या बेरजेचा ताळा) घाल. फर्मवेअर इथे हमाल. पेटी जागेवर ठेवायची, आत काय ते विचारायचं नाही. पीसीआयची अडचणही सुटते, कारण फर्मवेअर वाचायला येतं तेव्हा क्यूएमयू टेबलं ताज्या पत्त्यांनिशी पुन्हा बनवतो.

तिसरी रीत थेट: व्हीएमएमनेच गेस्टच्या मेमरीत बाइट लिहायचे. फायरक्रॅकर या छोट्या व्हीएमएमने बरीच वर्षं जुन्या एमपी टेबलवर (प्रोसेसरांची माहिती देणाऱ्या एसीपीआयपूर्व टेबलावर) भागवलं, एसीपीआय आलं ते 2024 मध्ये, 1.8 आवृत्तीत.

थेट लिहिताना माझी एक चूक सांगतो. बहुतेक टेबलांचा हेडर 36 बाइटचा, त्यातला दहावा बाइट चेकसम. सगळ्या बाइटांची बेरीज 256 ने निःशेष भागली गेली पाहिजे. मी चेकसम आधी काढला आणि पॉइंटर नंतर भरला, म्हणजे बेरीज बिघडली. इतर टेबलांत असं झालं तर लिनक्स कुरकुर करून पुढे जातो. आरएसडीपीमध्ये, म्हणजे बाकीच्या टेबलांकडे नेणाऱ्या पहिल्या रचनेत, झालं तर टेबलच सापडत नाही, आणि मी अर्धी रात्र पत्ता चुकला म्हणून शोधत बसलो.

डीएसडीटी (डिव्हाइसांचं वर्णन करणारं मुख्य टेबल) मधलं एएमएल, म्हणजे त्यातला बाइटकोड, हे वेगळं दुखणं. फ्रीबीएसडीच्या बीहाइव्ह या व्हीएमएमने एएसएलची (एएमएलच्या वाचनीय रूपाची) तात्पुरती फाइल लिहून व्हीएम सुरू होताना आयएएसएल हा तिचा कंपायलर चालवण्याची वाट धरली. वाचायला छान, पण होस्टवर कंपायलर हवा. मला तरी बिल्डर फंक्शनं, म्हणजे एएमएलचे बाइट कोडमधूनच थेट रचणारी फंक्शनं, बरी वाटतात.

गेस्ट विंडोज असेल किंवा यूईएफआय लागणार असेल तर दुसरी रीत घ्या. लिनक्स कर्नल थेट बूट करायचा असेल तर तिसरी. पीव्हीएच या थेट बूटच्या पद्धतीने बूट केलं तर आरएसडीपीचा पत्ताही कर्नलला हातात देता येतो. पहिली आज नव्याने सुरू करू नका. एआरएमवर फक्त लिनक्स चालवायचा असेल तर हे सगळं सोडा, डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन करणारी साधी झाडासारखी रचना) पुरतो.

काहीही निवडा, गेस्ट बूट झाला की त्याच्या सिसएफएसमधून (कर्नलची माहिती फाइलरूपात दाखवणाऱ्या /sys मधून) डीएसडीटी काढा आणि आयएएसएलने उलट उघडून वाचा.