शनेल नंबर ५ की शालिमार?

मामेबहिणीला पहिल्या पगारातून एकच भारी परफ्यूम घ्यायचंय आणि तिचं मन या दोघांत अडकलंय. मी दोन्ही वापरते, दोन्हींचं ओ द पार्फम, म्हणजे त्यातला जरा तीव्र प्रकार.

अर्नेस्ट बोनं १९२१ साली घडवलेल्या नंबर ५मध्ये आल्डिहाइड, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली सुगंधी रसायनं, भरपूर. त्यामुळे लावल्या लावल्या साबणासारखा स्वच्छ, जरा बोचरा वास येतो. दुकानात कितीतरी जणी इथेच नाक मुरडतात. पण थोडा वेळ द्या: चमेली आणि गुलाब एकमेकांत मिसळून वर येतात, तेव्हा कुठलं एक फूल असं ओळखता येत नाही. मला तेच फार आवडतं.

गेरलाँ या फ्रेंच कंपनीचं १९२५चं शालिमार सुरुवातीला लिंबूवर्गीय बर्गामोटचं असतं, मग व्हॅनिला ताबा घेतो. गोड, पण खाली धुरकट, चामड्यासारखी किनार आहे.

टिकण्यात शालिमार सरळ पुढे. सुती ओढणीवर दुसऱ्या दिवशीही रेंगाळतं; नंबर ५ माझ्या त्वचेवर दुपारनंतर मंदावतं. रेशमी साडीवर मात्र दोन्ही थेट मारू नका, डाग पडतो.

उकाड्यात उलटं. मे महिन्यात मुंबईच्या लोकलमध्ये शालिमार शेजारणीलाही जड होतं.

किंमत दोन्हींची जास्तच, तरी मिलिलिटरमागे शालिमार सहसा स्वस्त पडतं.

रोज ऑफिसला लावायचं असेल तर नंबर ५. थंडीतली लग्नं, संध्याकाळचे समारंभ आणि गोड वासाची आवड असेल तर शालिमार. बहीण रोज चर्चगेटला जाते, म्हणून तिला मी नंबर ५ सांगितलं, तेही आधी मनगटावर लावून तासभर फिरून आल्यावरच घे म्हणून.