फोर बाय फोरचा दिवा लागला म्हणून गाडी ताब्यात घेऊ नका

उंच डोंगरातल्या कच्च्या ट्रॅकसाठी गाडी भाड्याने घेणार असाल तर आधी तिच्या खाली वाकून बघा. आम्हाला फोर बाय फोरचे, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाडीचे, पैसे घेऊन जी गाडी दिली तिला पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्टच (लांब फिरता दांडा) नव्हता, मालकाने काढून टाकलेला. शाफ्टचे जॉइंट झिजले की गाडी थरथरते, मग दुरुस्तीचा खर्च नको म्हणून शाफ्टच काढून ठेवतात काहीजण आणि गाडी तशीच भाड्याने फिरवतात.

वरून काही कळत नाही हो. फोर बाय फोरचा लिव्हर व्यवस्थित पडतो, डॅशबोर्डवर दिवा पण लागतो, कारण त्या दिव्याचा स्विच ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी गिअरची पेटी) असतो, पुढची चाकं ओढतायत की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. मालकाने आमच्यासमोर लिव्हर टाकला, दिवा दाखवला, म्हणाला बघा फुल फोर बाय फोर.

झाडं संपल्यावर वर नुसती सुटी खडी आणि बर्फाचं पाणी, एका वळणावरच्या चढाला गाडी अडकली ती अडकलीच, मागचं एकच चाक खडी उडवत खड्डा करत होतं आणि बायको खाली उतरून ओरडतेय की अरे पुढची हलतच नाहीयेत! एका अंगाला दरी, मोबाईलला रेंज नाही, आणि सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारच्या उन्हाने बर्फ वितळून चढत चाललेला. मागून एक गाडी आली म्हणून सुटलो, त्यांनी दोर लावून बाहेर काढलं, त्यांच्यातलाच एकजण खाली शिरला आणि म्हणाला इथे शाफ्टच नाहीये, नुसती फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) आहे, बोल्टची भोकं गंजलेली.

परतीचा उतार त्याहून वाईट. लो रेंजमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या हळू गिअरमध्ये, इंजिन चारही चाकांना धरून ठेवतं, इथे सगळं मागच्या दोघांवर, आणि उतारावर वजन पुढे गेलेलं असतं त्यामुळे मागची बाजू सारखी घसरत होती.

एवढं होऊन मालक म्हणतो शाफ्ट तुम्हीच पाडला, क्लच पण जाळला, डिपॉझिट मिळणार नाही. गंजलेल्या फ्लँजचे फोटो दाखवले, म्हटलं एका ट्रिपमध्ये असा गंज चढतो का, तर सरळ फोन उचलायचा बंद केला. निव्वळ लबाडी आहे ही, आणि त्या ट्रॅकवर जीवाशी खेळ.

लिव्हरने फोर व्हील टाकायची गाडी असेल तर सुट्या मातीवर फोर हायमध्ये (फोर बाय फोरचा नेहमीच्या वेगाचा गिअर) स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा, पुढची चाकं अडखळत, माती खरवडत फिरली पाहिजेत. अगदी लोण्यासारखी वळली तर पुढे ताकद जात नाहीये (पक्क्या कोरड्या रस्त्यावर हे करू नका, गिअर मोडतील). टायर किती जुना आहे ते बघायला त्यावर छापलेल्या डीओटी या अक्षरांपुढच्या कोडचे शेवटचे चार आकडे पण वाचा, २३१७ म्हणजे टायर २०१७ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला, स्टेपनीचेही वाचा. आणि निघायच्या आधी गाडीच्या पोटाचा व्हिडिओ मालकाला उभं करून त्याच्यासमोरच काढा.