ब्लॉक लिमिट दाखवून गळ्यात मारलेला टेप ड्राइव्ह

बारा वर्षं बॅकअप सांभाळतोय, तरी फसलो. हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या.

वापरलेला एलटीओ-६ ड्राइव्ह (बॅकअपच्या टेपवर डेटा लिहिणारं-वाचणारं यंत्र) आणि २० टेप, ठरलेल्या रकमेच्या ८० टक्के आगाऊ. "फुल टेस्टेड आहे सर," म्हणत विक्रेत्याने व्हिडिओ कॉलवर टर्मिनल उघडलं आणि एसजी-थ्री-युटिल्स या ड्राइव्हशी थेट बोलणाऱ्या कमांडच्या संचातली 'एसजी रीड ब्लॉक लिमिट्स' ही कमांड चालवली. उत्तर आलं: कमाल १,६७,७७,२१५ बाइट, किमान १. "बघा, सोळा एमबीचा ब्लॉक घेतो. हेड गेलं असतं तर हा आकडा आला असता का?" हेड म्हणजे टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग. आणि मी मान डोलावली!

तिथेच कळायला हवं होतं. ही कमांड ड्राइव्हला एवढंच विचारते, की लहानात लहान आणि मोठ्यात मोठा ब्लॉक, म्हणजे एका वेळी लिहायचा डेटाचा तुकडा, केवढा घेशील? ड्राइव्ह सहा बाइटचं उत्तर देतो. त्यातले तीन कमाल आकाराचे, आणि तो भला मोठा आकडा म्हणजे २४ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या, बस्स. मर्यादा ड्राइव्हची असते, आतल्या टेपची नव्हे. टेप एक मिलिमीटरही हलत नाही. पैलवानाला "किती उचलतोस?" विचारलं, तो "शंभर किलो" म्हणाला, झाली कुस्ती! वर ड्राइव्हमध्ये टेपच नव्हती. रिकामा स्लॉट मला व्हिडिओत दिसत होता. दिसत होता हो!

माझी बाजू सांगतो. रिस्टोअरआधी ही कमांड मी नेहमीच चालवतो, आकडा ओळखीचा होता, रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आणि टार, म्हणजे फाइली एकत्र बांधून टेपवर लिहिणारा प्रोग्रॅम, तर मी डीफॉल्टवर, १०,२४० बाइटच्या ब्लॉकने चालवतो. सोळा एमबी मला हवे होते कशाला?

माल आल्यावर टेप भरायला घेतल्या. पहिली टेप ३१२ जीबीवर अडकली, दुसरी २९० वर. क्षमता अडीच टीबी. क्लीनिंग टेप दोनदा फिरवली. मग त्याच संचातल्या 'एसजी लॉग्स'ने टेपअलर्टचं, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या बिघाडांच्या खुणा (फ्लॅग) ठेवतो ते, पान २ई वाचलं: ३ आणि ६ हे फ्लॅग चढलेले, म्हणजे हार्ड एरर आणि राइट फेल्युअर. पैसे देण्याआधी हेच पान मागा. आणि समोर एक अख्खी टेप भरून परत वाचून दाखवायला लावा. तासन् तास जातात, जाऊ देत. स्क्रीनशॉटवर तर एक छदामही देऊ नका.

तक्रार केली. मध्यस्थ साइटने "वस्तू बंद असल्याचा पुरावा" मागितला. टेपअलर्टचं आउटपुट पाठवलं, तर उत्तर आलं की विक्रेत्याच्या स्क्रीनशॉटनुसार यंत्र प्रतिसाद देत आहे. तोच ब्लॉक लिमिटचा स्क्रीनशॉट! पेमेंटवाले म्हणाले, माल पोचलाय, आमचा संबंध संपला. पोलिसांनी विचारलं, "टेप म्हणजे गाण्याची का?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर म्हणे साहेब आल्यावर. साहेब तिन्ही वेळा बाहेर होते. अर्ज दिलात तर पोच घेतल्याशिवाय हलू नका, मी हललो.

काल साइटचा मेल आला: "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कृपया आमच्या सेवेला गुण द्या."