एसी घेताय? आधी पाईप सोलून बघा

सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी एसीच आहे. परवा शेजारच्या काकू, आम्ही जिथं एसी घेऊन फसलो नेमक्या त्याच दुकानात चौकशी करून आल्या असं कळलं, मग म्हटलं आता लिहूनच टाकावं. दुकानाचं नाव देत नाही, प्रकरण अजून चालू आहे.

आमचं घर कोल्हापुरात, फुलेवाडीत. वरच्या मजल्यावर दहा बाय बाराची बेडरूम आणि डोक्यावर थेट स्लॅब, एप्रिल-मेमध्ये रात्री अकराला पण भिंतीला हात लावला तर गरम लागतंय. मामांची (सासऱ्यांची) बायपास झाल्यापासून त्यांना उकाडा सोसत नाही म्हणून २०२३ च्या एप्रिलात एसी घ्यायचं ठरलं. आत्या (सासूबाई) म्हणत होत्या कूलर घ्या, निम्म्या पैशात काम होतंय. पण कूलर चालतो कोरड्या हवेत, आपल्याकडं एकदा वळीव पडायला लागला की कूलर नुसती ओल फेकतो आणि अंथरूण चिकट होतंय, त्यामुळं एसीच.

दुकानात गेलो तर पहिलं वाक्य, "वैनी, वरचा मजला हाय, डोळं झाकून दोन टन घ्या." एवढ्याशा खोलीला दोन टन कशाला? टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे, खोलीतली उष्णता बाहेर काढायची ताकद. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं माप), वॅटमध्ये धरलं तर साधारण ३,५००. गरजेपेक्षा मोठा एसी खोली पटकन गार करून गप्प बसतो आणि दमटपणा तसाच राहतो. आमच्या खोलीला एरवी एक टनही चालला असता, स्लॅब तापतो म्हणून दीड घेतला. आणि हो, दीड टन म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच मशीनच्या लेबलवर पाच हजार वॅटच्या आतलाच आकडा असतो, हिशेबानं तो ५,२०० च्या पुढं यायला पाहिजे. तो आकडा सगळ्यांना दिसेल असा छापलेला असतो, बघतंय कोण.

स्टारचं पण तसंच. आम्हाला "फाईव्ह स्टार इन्व्हर्टर" म्हणून जो दिला त्याच्या लेबलवरची मुदत जून २०२२ ला संपलेली आणि आयसीर ४.६. हा आयसीर म्हणजे वर्षभरात एसी जेवढी वीज खातो त्याच्या किती पट गारवा देतो तो आकडा. जुलै २०२२ पासून स्प्लिट एसीला पाच स्टारसाठी ५.० लागायला लागला, म्हणजे आमचा एसी नव्या हिशेबानं चारच स्टारचा, आणि पैसे घेतले पाच स्टारचे. आता जानेवारी २०२६ पासून नियम परत कडक झालेत, म्हणजे जुना माल "शेवटचा पीस, ऑफर" म्हणून यंदा पण गळ्यात मारणार. लेबलवर नुसते स्टार मोजू नका, मुदत आणि आयसीर वाचा.

पण हे सगळं किरकोळ. खरी टोपी घातली ती खोक्यात नसलेल्या मालात.

आतलं आणि बाहेरचं युनिट जोडायला खोक्याबरोबर जो गॅसचा पाईप येतो तो साधारण तीन मीटरचा. आमचं आउटडोअर युनिट गच्चीवर, त्यामुळं पाईप जास्त लागणार होता. फिटिंगची पोरं म्हणाली जादा कॉपर लागंल, फुटाला तीनशेच्या आसपास, आम्ही हो म्हणालो. दोघं आले, भिंतीला भोक पाडलं, काळा फोम आणि वर पांढरी टेप गुंडाळलेला पाईप जोडला, तासाभरात थंडगार हवा सुरू, आत्यांनी चहा दिला आणि पोरं गेली. एसीचं पक्कं बिल मिळालं. पाईप-फिटिंगची मात्र साध्या कागदावर चिठ्ठी, "इन्स्टॉलेशन व मटेरियल" आणि खाली एक रक्कम. कॉपर हा शब्द त्या चिठ्ठीत कुठंच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गारवा कमी. दुकानाचाच माणूस आला, गेज लावला आणि म्हणाला गॅस संपलाय, तीन हजार घेऊन भरून गेला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. अहो गॅस काय सिलेंडरमधला आहे का संपायला? एसीचा गॅस बंद नळीत गोल फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय. गळती न शोधता नुसता गॅस भरणारा माणूस पुढच्या वर्षीची स्वतःची सोय करून जातोय. तिकडं महावितरणचं बिल तीनशे युनिटच्या पुढं गेलं आणि वरच्या टप्प्याचा दर बसायला लागला.

शेवटी माझ्या बहिणीचा मुलगा, आयटीआयला एसी-फ्रिजचा ट्रेड केलेला, रविवारी आला होता त्याला दाखवलं. त्यानं आधी वाटीत भांडी घासायच्या लिक्विडचा फेस केला, गच्चीवर गेला, ब्लेडनं टेप आणि फोम उभा चिरला. आतला पाईप तांबूस असायला पाहिजे, हा चांदीसारखा पांढरा. म्हणाला, "मावशी, ह्यो कॉपर न्हाई, ऍल्युमिनियम हाय." आउटडोअरजवळ खोक्यातला मूळ तांब्याचा तुकडा आणि त्याला जोडलेला हा ऍल्युमिनियमचा, त्या जोडावर फेस लावला तर बुडबुडे यायला लागले बारीक बारीक, थांबेनातच. तांबं आणि ऍल्युमिनियम एकमेकांना जोडून भिजवले की ऍल्युमिनियम खात जातं, आणि आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस काय सांगायला नको, टेपच्या आत पाणी मुरलेलं. लोहचुंबकानं हे कळत नाही बरं का, तांब्याला पण चिकटत नाही आणि ऍल्युमिनियमला पण नाही. पाईपचं तोंड बघायचं नाहीतर नखानं खरवडायचं.

त्यानं विचारलं फिटिंगच्या वेळी व्हॅक्यूम पंप लावला होता का. असलं मशीन आम्ही बघितलंच नव्हतं. पाईप जोडल्यावर आतली हवा आणि ओल पंपानं ओढून काढायची असते, त्याला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात. आमच्याकडं थोडा गॅस सोडून फुस्स केलं आणि झालं. ती हवा आत राहिली की कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि बिल वाढतंय.

दुकानात गेले तर मालकाचं उत्तर, "वैनी, आता सगळीकडं ऍल्युमिनियमच चालतंय." मग पैसे कॉपरचे का घेतले म्हटल्यावर चिठ्ठी दाखवा म्हणे! कंपनीला फोन केला तर त्यांचं म्हणणं दहा वर्षांची वॉरंटी कॉम्प्रेसरची, पाईपची नाही आणि बाहेरच्या माणसानं केलेल्या फिटिंगची तर नाहीच.

मग १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली, सोललेल्या पाईपचे फोटो, बुडबुड्यांचा व्हिडिओ आणि गॅसवाल्याला केलेल्या ऑनलाईन पेमेंटचे स्क्रीनशॉट जोडून. त्यानंतर मालकाचा सूर बदलला आणि पाईपचे पैसे परत आले. गॅसचे द्यायला मात्र तयार नाही, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतंय, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, फक्त दोन वर्षांची मुदत असते ती बघा.

नवा पाईप कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून घातला. पाव इंची आणि अर्धा इंची, दोन्ही कॉपर, बिलावर फुटासकट लिहून घेतलं, आणि फोम चढवायच्या आधी मामा स्वतः गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. काकूंना पण तेच सांगितलंय, एसी कुठूनही घ्या पण फिटिंगच्या दिवशी घरी मीच येऊन बसते.