गिटहब पेजेसवर स्वतःचं पान: एका हंगामाच्या वापरानंतर

वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग. मृग लागायच्या सुमारास गिटहब पेजेसवर (गिटहबची फुकटात वेबसाईट ठेवायची सोय) स्वतःचं पान उभं केलं, आता अंबिया बहाराचा माल उतरून गेलाय. एवढ्या वापरावर बोलायला हरकत नाही. सोय चोख आहे, पण फाईल आणि फोल्डर यांतला फरक ज्याला कळतो त्याच्यासाठी.

पान कशाला हवं होतं? डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक सुटतो त्या रोगासाठी. खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टचं प्रमाण (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) दर पावसाळ्याआधी व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारतं, कोणीतरी सांगतं, आणि संध्याकाळपर्यंत ते सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जातं. आता मी नुसती लिंक टाकतो. शेजारच्या शिवारातले एक काका मात्र लिंक उघडूनही फोन करतात: "भाऊ, वाचलं तुमचं, पन चुना कोनता घेवाचा ते सांगा ना." तेही पानावर लिहिलेलं आहे. असो.

जागेला पैसे लागत नाहीत. खातं काढायचं, गिटहबने सांगितलेल्या पद्धतीच्या नावाची रिपॉझिटरी (फाईली ठेवायचा फोल्डरच म्हणा) बनवायची, त्यात इंडेक्स नावाची एचटीएमएल फाईल टाकायची. नाव सगळं इंग्रजीच्या लहान लिपीत हवं. एचटीटीपीएसचं (पत्त्याजवळच्या सुरक्षित कुलपाचं) वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. साईटला १ जीबीची मर्यादा आणि महिन्याला १०० जीबी डेटा, म्हणजे आपल्यासारख्याला उदंड. खरी अडचण आमच्या टॉवरची. मोबाईलचा ४-५ एमबीचा फोटो तसाच टाकला तर गावात तो उघडेपर्यंत चहा होतो. म्हणून रुंदी १२०० पिक्सेलवर आणतो आणि फोटो १५० केबीच्या आत बसवतो. डिंक सुटलेली साल त्यातही नीट दिसते.

मराठीचं मात्र कोणी सांगत नाही. तयार साचे इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात. शीर्षकाच्या अक्षरांत मुद्दाम अंतर सोडलेलं असतं. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि 'संत्रा' दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. ते अंतर शून्य करा. ओळींची उंची दीडपटीच्या वर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. वेगळा फॉन्ट चढवायची गरज नाही, ॲन्ड्रॉइडमध्ये मराठी दाखवणारा नोटो फॉन्ट असतोच. मराठी अक्षरं नीट वाचायला ब्राउझरला सांगणारी यूटीएफ-८ची ओळ मात्र फाईलीत टाकायला विसरू नका. आणि फाईलचं नाव मराठीत ठेवायची हौस नको: 'संत्रा' एवढासा शब्द, पण पत्ता कॉपी करून पाठवला की टक्क्याच्या चिन्हांसकट ५४ अक्षरांची माळ होऊ शकते. पाहणाऱ्याला वाटतं, फसवणुकीची लिंक आली.

स्वतःच्या नावाचा .इन पत्ता जोडलाय. तो एका विक्रेत्याकडून घेतला. पहिल्या वर्षाचा भाव मोठ्या अक्षरात, नूतनीकरणाचा बारीक अक्षरात. घेताना दुसराच आकडा बघा. जोडणी लागू व्हायला कधी कधी दिवसभर लागतो, तेवढा धीर धरायचा.

फुकट खात्यावर रिपॉझिटरी सगळ्यांना दिसते, जुन्या बदलांसकट. मोबाईल नंबर टाकून नंतर खोडला तरी मागच्या नोंदींत तो राहतोच. सातबाऱ्याचा फोटो वगैरे तर चुकूनही नको.

दुरुस्त्या मी बहुतेक मोबाईलवरच करतो. रात्रपाळीची लाईट असली की मोटरपाशी बसावंच लागतं. ब्राउझरमध्ये पेन्सिलचं चिन्ह दाबायचं, ओळ बदलायची, सेव्ह. मिनिटाभरात बदल दिसतो, कधी १० मिनिटंही लागतात.

शेंदूरजना घाटच्या एका कलमवाल्या मित्राने विचारलं, यावर रोपं विकता येतील का? जातींची माहिती, फोटो खुशाल टाक म्हटलं, पण ऑनलाईन दुकान चालवायला ही जागा नाही, त्यांच्या नियमातच तसं आहे. शिवाय ऑर्डर नोंदवून ठेवणं नुसत्या एचटीएमएलच्या पानाला जमत नाही. त्याने पैसे भरून दुसरीकडे जागा घ्यावी, असंच मी सुचवलं.